जेवणापुरतं स्पॅनिश

मला स्पॅनिश येतं, असं मी चारचौघांत सांगत नाही. जे येतं ते जेवणापुरतं. उद्या मला कुणी स्पेनमधल्या एखाद्या गावात नेऊन सोडलं, तर स्टेशन कुठे आहे हे विचारता येणार नाही, दवाखाना सापडणार नाही. पण सूप गार झालंय का, पाव कालचा आहे का, आणि तुमच्याकडे रात्री किती वाजता जेवतात, एवढं मी सहज विचारीन. म्हणजे उपाशी मरणार नाही. फक्त घरी परत येणार नाही.

हे एवढंसं स्पॅनिश मी चाळिशी ओलांडल्यावर शिकलो. पुण्यात तेव्हा कॉम्प्युटरचं वारं सुटलं होतं. पिंपरीच्या कारखान्यातली स्टोअर्सची नोकरी सोडून मी हिंजवडीतल्या एका कंपनीत लागलो. तिथे आम्ही स्पेनमधल्या एका दुकानसाखळीची गोदामं सांभाळायचो. गोदामं तिकडे, सांभाळणारे आम्ही इकडे, काचेच्या इमारतीत, भर एप्रिलात स्वेटर घालून.

तिकडे सकाळ झाली की आमच्याकडे दुपार. साडेअकराला कंपनीची गाडी शनिवार पेठेतल्या आमच्या गल्लीत येऊन हॉर्न द्यायची, आणि रात्री अकराच्या सुमारास परत आणून सोडायची. रात्रीची झोप मग सकाळी दहापर्यंत पुरवायची. ती सगळी वर्षं मला अर्धवट झोपेतलीच आठवतात. गाडीच्या काचेला डोकं टेकलेलं, बाहेर उसाचा एक तुकडा, त्याच्या कडेला बैल उभा. डोळा लागायचा. उघडावा तर ऊस गेलेला आणि तिथे आठ मजले उभे. मग मला वाटायचं, आपण दहा मिनिटं झोपलो की दोन वर्षं?

घरात आम्ही चौघं. मी, बायको, नववीतली मुलगी आणि माझे वडील. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आमच्या हॉलमध्ये बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याशेजारी भिंतीवरचं घड्याळ. बाबा दोन्हींकडे सारख्याच श्रद्धेने बघायचे. दुपारचं जेवण बाराला, रात्रीचं आठला. सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली, तरी बाराला पाच कमी असताना ते हात धुऊन खुर्चीवर बसलेले असायचे, जणू कुणीतरी घंटा देणार आहे.

बायको शाळेत शिकवायची, ती दीडला यायची. मुलगी सकाळच्या शाळेतून परस्पर क्लासला, संध्याकाळी दुसऱ्या क्लासला. रात्री त्या दोघी नऊनंतर जेवायच्या. मी मध्येच केव्हातरी, फ्रीजच्या उजेडात. आणि रविवारी? रविवारी मी दोनपर्यंत झोपायचो. झोप भरून काढतोय, असं म्हणायचो. ती कधी भरल्याचं मला आठवत नाही.

लहानपणी असं नव्हतं. आमच्या घरात एक नियम होता, त्याला आम्ही ‘समोर बसणं’ म्हणायचो. घरात कुणी एकट्याने जेवायचं नाही. कुणाला उशीर झाला, तर दुसऱ्या कुणीतरी त्याच्या समोर बसायचं. जेवलेलं असलं तरी. बोललं नाही तरी चालेल, पण बसायचं. मला ताप आलेला असताना आईने गोधडीसकट उचलून बाबांच्या समोर बसवलेलं आठवतं. हा नियम कुठून आला, हे मी कधी विचारलं नाही. मुलं घरातल्या नियमांबद्दल तक्रार करतात, चौकशी करत नाहीत.

कंपनीला एकदा हुरूप आला, म्हणून आम्हा सहा जणांना स्पॅनिश शिकायला पाठवण्यात आलं. सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वर एक बाई क्लास घ्यायच्या. शनिवारी सकाळी आठला. उंच, पांढऱ्या केसांच्या, पातळाचा पदर घट्ट खोचलेल्या. मी जांभई दिली की म्हणायच्या, “झालं का उठून? मग पुढचं वाक्य तुमचं.”

चौथा धडा जेवणाचा. त्या दिवशी मला पहिल्यांदा पूर्ण जाग आली. बाईंनी फळ्यावर त्यांच्याकडचा अख्खा दिवस लिहिला. सकाळी नुसतं तोंड चाळवायला देसायुनो. अकराच्या सुमाराला पुन्हा काहीतरी, कारण तोपर्यंत पहिल्याचा विसर पडलेला. दुपारी दोन-अडीचला कोमिदा, ते खरं जेवण. साडेपाचला मेरियेंदा, आपलं चहाच्या वेळचं खाणं. रात्री साडेनऊ-दहाला थेना. मी वहीत उतरवून घेत होतो आणि मला ते देश नाही, स्वप्न वाटत होतं. ही माणसं काम कधी करतात? आणि त्यांची गोदामं सांभाळायला मी जेवायचा थांबलोय!

“आणि जेवण झाल्यावर,” बाई म्हणाल्या, “टेबलावरून उठायचं नाही. तिथेच बसून बोलत राहायचं. तास, दोन तास. त्याला त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे. सोब्रेमेसा.”

“आपल्याकडे नाही का?” कुणीतरी विचारलं.

“आहे की. आपल्याकडे त्याला ‘उठा आता, ओटा आवरायचाय’ म्हणतात.”

मग प्रत्येकाने आपापल्या घरच्या जेवणाबद्दल चार वाक्यं सांगायची होती. माझी पाळी आली. मला खरं सांगायचं होतं, शपथेवर. पण खरं सांगायला शिफ्ट, फ्रीज, क्लास, झाकून ठेवलेलं ताट एवढे शब्द लागत होते, आणि ते चौथ्या धड्यात नव्हते. खोटं बोलायला लागणारे सगळे शब्द मात्र फळ्यावर होते. मी म्हणालो, “आम्ही आठ वाजता जेवतो. माझे वडील, माझी बायको, माझी मुलगी आणि मी. कोमेमोस खुंतोस. एकत्र जेवतो.”

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “उच्चार वाईट आहे. घर चांगलं आहे.”

पाचवा धडा झालाच नाही. कंपनीचा हुरूप तेवढ्यात ओसरला.

तिकडच्या गोदामांच्या प्रमुख एक बाई होत्या, पन्नाशीच्या पुढच्या. त्यांचं इंग्रजी माझ्या स्पॅनिशइतकंच. त्यामुळे कामाचं सगळं आम्ही लिहून कळवायचो, आणि फोनवर बोलायला उरायचं ते जेवण. मला वाटलं होतं, बिघाड सांगायला फोन करणारी माणसं चिडलेली असतात. पण यांचा पहिला प्रश्न ठरलेला: जेवलात का? म्हणजे आपलाच प्रश्न. मग त्या काय जेवल्या ते सांगायच्या. हरभरे, पालक, कसलासा मासा, आदल्या दिवशीच्या पावाचं काहीतरी. मी “छान, छान” म्हणायचो. माझा साहेब काचेपलीकडून बघायचा, त्याला वाटायचं फार गंभीर चर्चा चाललीय. आणि खरंच, आधी जेवणाचं बोलून घेतलं की त्या दिवशी गोदामांची कुरकुरही कमी व्हायची.

मग त्या विचारायच्या, “आणि तुम्ही?” मी चौथा धडा म्हणून दाखवायचो. आठ वाजता. वडील, बायको, मुलगी आणि मी. एकत्र. संध्याकाळचे साडेसात वाजलेले असायचे, माझ्यासमोर कॅन्टीनचं गार सँडविच, आणि मी त्या बाईला सांगायचो की वडील टेबलाच्या टोकाला बसतात. दर आठवड्याला त्यात एखादी भर पडायची. फोन ठेवल्यावरही ते टेबल मला दिसत राहायचं. लांबच लांब. आमच्या हॉलमधून निघून लक्ष्मी रोडवरून, नदीवरून, पार समुद्रापलीकडे गेलेलं, पांढरं कापड अंथरलेलं, आणि सगळ्यांत टोकाला बाबा, हात धुऊन बसलेले. त्यांच्यापर्यंत पोचायला मी चालू लागायचो, आणि कुणीतरी मला हलवून म्हणायचं, “सर, स्क्रीन बंद पडलाय.”

एप्रिलमध्ये बाई पुण्याला येणार असं ठरलं. कंपनीने त्यांच्यासाठी मोठ्या हॉटेलात जेवण योजलं होतं. त्यांनी कळवलं: हॉटेल नको. रविवारी यांच्या घरी जेवीन. त्यांच्या वडिलांच्या टेबलाशी.

बायकोला सांगितलं.

“अहो, पण आपण एकत्र जेवतो, हे त्यांना कुणी सांगितलं?”

“पुस्तकात होतं तसं.”

“मग पुस्तकातल्या बायकोलाच स्वयंपाक सांगा.”

पण ती करणार हे मला माहीत होतं. प्रश्न बाबांचा होता.

“रविवारी पाहुण्या येतायत, बाबा. स्पेनच्या.”

“येऊ देत.”

“जेवायला.”

“बारा वाजता.”

“त्यांच्याकडे दोनच्या आधी जेवत नाहीत. दीड केलं तर?”

“त्यांनी तिकडे दोनला जेवावं. मी तिकडे गेलो की दोनला जेवीन.” पेपरची घडी घालत त्यांनी विचारलं, “तू असणार आहेस का?”

“कुठे?”

“जेवायला.”

मी हसलो. ते हसले नाहीत. खोटं उघडं पडलं तर बाईंपुढे लाज जाईल, एवढीच मला तोवर भीती होती. आता कळलं की उघडं पडायचं ते त्यांच्यापुढे नव्हतं.

रविवारी पावणेबाराला बाई आल्या. दारात बूट काढले, तसबिरीपुढे जरा थांबल्या, बाबांना हात जोडले. बारा वाजता आम्ही पाचही जण बसलो. त्या टेबलाला पाच माणसांची सवय नव्हती. मुलगी स्टुलावर बसली. मटणाचा रस्सा, ज्वारीची भाकरी, कांदा, भात. बाईंनी चमच्याकडे पाहिलं नाही. बाबांची भाकरी कशी मोडली जाते ते एकदा बघितलं आणि तशीच मोडली. रस्सा तिखट होता. त्यांच्या डोळ्यांना पाणी, नाकाला पाणी, आणि त्या हसत म्हणत होत्या, आणखी. बायकोचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, इतक्या वर्षांत मी हा शब्द हिला ऐकवला होता का? निदान मराठीत?

बारा पंचवीसला जेवण संपलं. बाबा बारा तीसला हात धुतात, बारा चाळीसला आडवे होतात. बायकोने सवयीने ताटांना हात घातला. बाईंनी आपल्या ताटावर तळहात ठेवला आणि तो शब्द उच्चारला.

“काय म्हणतायत?” बाबांनी विचारलं.

“म्हणतायत, आता बसायचं.”

“बसलोच आहोत की.”

“जेवण झाल्यावर बसायचं. बोलत.”

“हात वाळवत?”

“हो.”

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खुर्चीत जरा मागे रेलले. “बसू,” म्हणाले.

त्या दुपारचं मला फार थोडं नीट आठवतं. पंखा फिरत होता, खिडकीवरचा पडदा आत यायचा, बाहेर जायचा. गल्ली झोपली होती. कुठेतरी कोकीळ ओरडत होती. बोटांवरचा रस्सा वाळून कातडी ओढल्यासारखी झाली होती. बाई सावकाश विचारत होत्या, मी सावकाश सांगत होतो, मध्ये इतकी शांतता की प्रश्न स्पेनहून पायी येतोय असं वाटावं. मुलीच्या शाळेत डबा कधी खातात? बायको शाळेत काय नेते? सगळं चौथ्या धड्यातलं. मी स्वतःवर खूष होतो. मग त्यांनी बाबांकडे वळून विचारलं की कचेरीत ते किती वाजता जेवायचे.

“साडेबाराला,” बाबा म्हणाले. एवढ्यावर थांबतील असं मला वाटलं. ते बोटाकडे बघत होते.

“सांग त्यांना,” ते म्हणाले, “तुझ्या आजोबांनी धम्म स्वीकारला, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी नोकरीला लागलो. साडेबाराला सगळे दोन टेबलं जोडायचे. वर पेपर अंथरायचा, डबे उघडायचे. मला कुणी नको म्हटलं नाही. फक्त माझ्यापुरती खुर्ची कधी उरायची नाही. आडनाव तेवढं पुरायचं त्यांना. मी आपला खिडकीशी, माझ्या टेबलावर. पाठ करून. पेपर वाचतोय असं दाखवायचं. पाच वर्षं. कुणी काही बोललं असतं ना, तर भांडता आलं असतं.”

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. बायकोने पदर तोंडाशी धरला.

“मग एक नवीन माणूस आला. पहिल्याच दिवशी स्वतःची खुर्ची ओढत माझ्याकडे आणली आणि म्हणाला, अहो, तुमच्या डब्यातून वास छान येतोय, मला काही दिसत नाही, जरा पुढे करा. झालं. त्या रात्री घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं, आपल्या घरात कुणी एकटं जेवणार नाही.”

बाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे काय होतं? कचेरी. मोठं टेबल. सगळे जेवतात. माझे वडील, खिडकी, पाठ. एकेक शब्द मी मांडत गेलो, जसे ओट्यावर डबे मांडावेत. एक खुर्ची येते. घरी, सगळे एकत्र. माझ्या तोडक्या शब्दांतून काय पोचलं कोण जाणे, पण बाईंचा हात टेबलावर तसाच, वाळलेला, उघडा पडून राहिला.

“आणि सांग,” बाबा म्हणाले, आवाज तोच, हवामान सांगावं तसा, “आता पुन्हा एकटाच जेवतो.”

पंखा फिरत होता. मी काहीही सांगू शकत होतो. म्हातारे आहेत, दमलेत, असं सांगता आलं असतं. घरात कुणालाच कळलं नसतं. बाबांना स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, लहानपणी पाढा म्हणताना बघायचे तसे. आणि या खेपेला खरं बोलायला लागणारे सगळे शब्द माझ्याकडे होते.

“मी पाद्रे,” मी म्हणालो, “कोमे सोलो.” माझे वडील एकटे जेवतात. मग मुलीकडे, बायकोकडे बोट न दाखवता फक्त स्वतःकडे दाखवलं. आठ वाजता, मी नाही. बारा वाजता, मी नाही. खुंतोस, नाही.

बाई रागावल्या नाहीत. काहीतरी लांबलचक म्हणाल्या. त्यातलं मला फक्त आई आणि टेबल एवढं कळलं. मग एक छोटा प्रश्न विचारला.

“काय म्हणतायत?” बाबा.

“विचारतायत, उद्या काय?”

बाबांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या आठवणीत ते त्या वेळी बसलेले कधी नव्हते. “उद्या सोमवार,” ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

निघताना बाईंनी बायकोचे दोन्ही हात धरले, मुलीच्या गालाला गाल लावले. बाबांना पुन्हा हात जोडले. मला म्हणाल्या, फोन करीन. रात्रभर मी छताकडे बघत हिशोब मांडला. साडेअकराची गाडी. बाराचं जेवण. कुठूनही मोजलं तरी अर्धा तास कमी पडत होता. पहाटे डोळा लागला तेव्हा ते लांब टेबल पुन्हा दिसलं, पण टोकाची खुर्ची रिकामी होती.

सोमवारी साडेदहाला दचकून उठलो. आंघोळ करून बाहेर आलो तर अकराला पाच कमी. बायको शाळेत, मुलगी क्लासला. टेबलावर दोन ताटं. कालचा रस्सा गरम केल्याचा वास, एका भाकरीची कड जरा करपलेली. बाबा हात धुऊन आपल्या खुर्चीवर बसले होते.

“बाबा, अकरा वाजतायत.”

“मला दिसतंय घड्याळ.”

“मग?”

“भूक लवकर लागली आज.” समोरच्या ताटाकडे हनुवटीने खूण केली. “बस.”

बसलो. भाकरी मोडण्याचा आवाज आणि पंख्याचा. जेवण संपल्यावर मी उठायला लागलो, तर ते उठले नाहीत. म्हणून मीही बसलो. बोटं हळूहळू वाळत गेली.

“तिकडे आत्ता किती वाजलेत?” त्यांनी विचारलं.

“पावणेआठ.”

“रात्रीचे?”

“सकाळचे.”

“म्हणजे तिकडची माणसं उठायच्या आत आपलं जेवून झालं.” त्यांना ते आवडलेलं दिसलं. “तो कसला शब्द होता त्यांचा? जेवण झाल्यावर बसायचा?”

मी सांगितला. त्यांनी एकदा मनात म्हणून पाहिला, मोठ्याने म्हटला नाही.

खाली गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला. मी घड्याळाकडे पाहिलं, बाबांनी पाहिलं नाही. पुन्हा वाजला.

“बाबा, गाडी आली.”

“वाजू दे की जरा,” बाबा म्हणाले.